रस्ता शुल्काला हो म्हणू की नाही? आधी विचारा, पैशाला कुलूप कुठंय

पत्र आलंय ते थोडं कापून देतेय.

"ताई, आमच्या शहरात रस्त्यांच्या देखभालीसाठी नवीन मासिक शुल्क आणायचं चाललंय, पाण्याच्या बिलातच जोडून येणार म्हणे. आमच्या भागातल्या रहिवासी संघाची मी सेक्रेटरी, म्हणजे कोणी तयार नव्हतं म्हणून गळ्यात पडलेलं काम. आता ग्रुपवर रोज महाभारत चालू आहे. सासरे म्हणतात मी गाडी कधीच विकली, पायी फिरतो, एक पैसा देणार नाही. नवरा म्हणतो खड्ड्यांनी सस्पेन्शनची वाट लागलीय, गॅरेजवाल्याला देण्यापेक्षा इथे द्या. दुकानदार म्हणतात आम्हाला घरांपेक्षा कितीतरी पट लावलंय, भाडेकरू म्हणतात घर आमचं नाहीच. मी फक्त नोटिशीचा फोटो टाकला तर एका काकांनी लिहिलं की सेक्रेटरी नगरसेवकाच्या खिशात आहे. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे आणि संघातर्फे मलाच बोलायचंय. बाजूने बोलू की विरोधात? आणि घरी सासऱ्यांना काय सांगू, जेवायला बसलं की हाच विषय. ग्रुप सोडून द्यावासा वाटतो. — वैतागलेली सेक्रेटरी"

वैतागलेल्या सेक्रेटरीबाई,

नोटीस टाकली म्हणून शिव्या खाल्ल्यात ना, म्हणजे काम बरोबर चाललंय. काकांना उत्तर देऊ नका, ग्रुप सोडू नका, सुनावणी होईपर्यंत म्यूट करा आणि माझं ऐका.

बाजूने पण बोलू नका आणि विरोधात पण नको. "या अटी ठरावात लेखी असतील तर आमचा पाठिंबा, नसतील तर आमचा विरोध" एवढंच बोलायचं. हे कुंपणावर बसणं नाहीये हां, उलट हीच भूमिका प्रशासनाला सगळ्यात जड जाते. नुसता विरोध करणाऱ्यांची सवय असते त्यांना, "हरकत नोंदवून घेतली, धन्यवाद" म्हणून पुढचं नाव पुकारतात. अटी घालणाऱ्याला मात्र उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या ग्रुपवर सगळे भांडतायत ते रकमेवरून, किती लावलं, कोणाला जास्त, कोणाला कमी. माझ्या मते रक्कम हा यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे, कारण रक्कम आज कमी करून घेतली तरी दोन वर्षांनी वाढवता येते. पैसा कुठल्या खात्यात जातो आणि तिथून कोण काढू शकतं ते महत्त्वाचं.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. १९२० मध्ये तिथे कायदा झाला की मोटारवाल्यांकडून घेतलेला कर एका वेगळ्या रोड फंडात जाईल आणि रस्त्यांवरच खर्च होईल. लोकांनी भरला. १९२६ मध्ये विन्स्टन चर्चिल अर्थमंत्री होते, त्यांनी त्या फंडात हात घालून पैसा सरकारच्या बाकी खर्चाला वळवला, आणि १९३७ पासून तर तो कर सरळ सरकारी तिजोरीतच जायला लागला. म्हणजे वेगळं खातं, देशाचा कायदा, एवढं सगळं असूनही वीस वर्षांच्या आत खेळ खल्लास. मग तुमच्याकडे कोणी भाषणात "हा पैसा फक्त रस्त्यांसाठीच" म्हणत असेल तर त्यावर किती विश्वास ठेवायचा ते बघा. भाषणात नको, ठरावात हवं.

दुसरी चलाखी याहून बारीक असते आणि ती पकडायला तुमच्या नवऱ्यासारख्या "द्या की हो" वाल्यांनाच शिकवायला लागेल. समजा आज बजेटमधून रस्त्यांना शंभर मिळतात. शुल्कातून चाळीस येणार. आपण धरून चालतो की आता एकशे चाळीस होणार. पण पुढच्या बजेटमध्ये गुपचूप रस्त्यांच्या शीर्षाखालचे चाळीस काढून दुसरीकडे टाकले की रस्त्यांना परत शंभरच, आणि वर छाती ठोकून सांगता येतं की शुल्काचा पैसा न पैसा रस्त्यांवरच खर्च केला. खोटं काहीच नाही त्यात! म्हणून पहिली अट ही: गेल्या तीन वर्षांत रस्त्यांच्या देखभालीवर सरासरी जितका खर्च झाला त्याच्या खाली बजेटमधला हिस्सा जाणार नाही, गेला तर त्या वर्षी शुल्क बंद. माझ्या मते सगळ्या अटींत ही एकच अट वाचवता आली तरी तुमची सुनावणी सार्थकी लागली.

खात्याच्या कुलपावर कोर्टांनी पण मत दिलंय. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचं शहर आहे, त्यांनी १९८४ मध्ये अगदी तुमच्यासारखंच रस्ता शुल्क आणलं. प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेलं, १९८९ मध्ये कोर्टाने शुल्क चालू राहू दिलं, पण उरलेला पैसा शहराच्या जनरल खात्यात वळवायची जी पळवाट ठरावात ठेवली होती ती मात्र छाटून टाकली. बाकी ठिकाणी एवढंही नशीब नव्हतं. आयडाहो राज्यात पोकाटेल्लो शहराचं शुल्क १९८८ मध्ये कोर्टाने उडवलं, म्हणे हा शुल्काच्या कपड्यातला करच आहे. फ्लोरिडात पोर्ट ऑरेंजचं १९९४ मध्ये तसंच झालं आणि कॅन्ससमधल्या मिशन शहराचं २०१७ मध्ये. मुद्दा साधारण सगळीकडे सारखाच, की शुल्क घेताय तर देणाऱ्याला त्या बदल्यात काहीतरी खास सेवा मिळायला हवी, आणि रस्ता तर येणारा-जाणारा कोणीही वापरतो. आपल्याकडे सुद्धा सुप्रीम कोर्टाने १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालात कर आणि शुल्क यातला फरक याच अंगाने मांडला होता, पुढच्या निकालांत तो बराच सैल झाला ते वेगळं. तुम्ही कोर्टात जा असं मी म्हणत नाहीये, वर्षं जातील त्यात. पण सुनावणीत एवढं विचारा की कायद्याच्या कुठल्या कलमाखाली हे शुल्क लावताय. अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले तर समजून जा.

आता सासरे.

त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं फार पक्कं आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात एक मोठा प्रयोग झाला होता, मुद्दाम रस्त्यांची रिंगणं बांधून त्यावर लष्कराच्या जवानांकडून दिवसरात्र ट्रक फिरवले, एकेका रिंगणावर अक्षांच्या (अक्ष म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणारा दांडा, ॲक्सल) ११ लाखांहून जास्त फेऱ्या, रस्ता कधी आणि कसा मोडतो ते बघायला. त्यातून जो ढोबळ नियम निघाला तो इंजिनियर लोक अजून वापरतात: अक्षावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज दुप्पट नाही, साधारण १६ पट होते. वजन दहापट झालं तर झीज दहा हजार पटीच्या घरात. म्हणजे एक लादलेला ट्रक रस्त्याचं जे करतो ते करायला साध्या कारला हजारो चकरा माराव्या लागतील, आणि सासऱ्यांच्या चपलांनी तर काय होणार, शून्य. तेव्हा जेवताना त्यांना म्हणा, "बाबा, तुमचं बरोबर आहे, झीज जड गाड्यांमुळे होते." अर्धं भांडण तिथेच मिटेल, कारण मला वाटतं गेल्या महिन्याभरात त्यांना बरोबर आहे असं कोणी म्हटलंच नसेल.

उरलेलं अर्धं नंतर सांगा. रस्त्याला झीज फक्त चाकांनी येत नाही, उन्हाने आणि पाण्याने पण येते, गाडी न फिरता पडून राहिलेला डांबरी रस्तासुद्धा कडक होत होत तडकतोच. दुसरं म्हणजे बाबांनी गाडी विकली असेल पण त्यांचा कचरा उचलायला जी गाडी येते ती जड आहे, गॅस सिलेंडरचा टेम्पो येतो, ऑनलाइन मागवलेली औषधं येतात, आणि देव न करो पण कधी अँब्युलन्स बोलवावी लागली तर ती पण याच रस्त्यावरून येणार. तेव्हा शून्य नाही, पण कमी. कमी घेणं अशक्य नाहीये, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात असंच शुल्क पाण्या-विजेच्या बिलातून घेतात आणि ज्यांच्याकडे गाडी नाही किंवा ज्यांचं वय ६५ च्या पुढे आहे त्यांना अर्ज केल्यावर सूट मिळते. ही तुमची दुसरी अट, आणि ती बाबांच्या नावाने टाका, त्यांनाच सुनावणीला घेऊन जा आणि उभं करा. घरात बोलतायत त्यापेक्षा तिथे बोलले तर उपयोग आहे.

दुकानदारांचं म्हणणं मी एका झटक्यात उडवून लावणार नाही, पण त्यांनी आधी फॉर्म्युला मागावा आणि मग ओरडावं. बऱ्याच शहरांत हे शुल्क "त्या जागेमुळे रस्त्यावर किती फेऱ्या होतात" यावर काढतात, घराला थोड्या, ऑफिसला जास्त, गिऱ्हाईक सारखं ये-जा करतं अशा दुकानाला आणखी जास्त. विचार म्हणून ठीकच आहे. गोची अशी की फेऱ्या मोजताना स्कूटर आणि ट्रक एकाच मापाने मोजले जातात. म्हणजे ज्या छोट्या दुकानात शंभर माणसं चालत येतात त्याला जास्त, आणि ज्या गोदामात दिवसाला मोजके पण वीस-वीस टनांचे ट्रक लागतात त्याला कमी, असं होऊ शकतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! न्यूझीलंडमध्ये १९७८ पासून डिझेल आणि जड गाड्यांकडून वजन आणि किलोमीटर बघून पैसे घेतात, ते जास्त न्यायाचं आहे, पण तसं करणं एका शहराच्या हातात सहसा नसतं. शहराच्या हातात एवढं नक्की आहे की गोदामं, बांधकामाच्या साइट, रेडीमिक्स काँक्रीटचे प्लांट यांना वेगळा वरचा दर लावायचा. दुकानदारांना म्हणावं घरांशी तुलना करत बसू नका, गोदामांशी करा.

"पेट्रोलवर टॅक्स भरतोच की, परत हे कशाला" असं कोणीतरी म्हटलं असेलच, तुम्ही लिहिलं नाही तरी. तो टॅक्स बहुतेक ठिकाणी वरच्या सरकारांकडे जातो, गल्लीतल्या रस्त्यापर्यंत त्यातलं किती झिरपतं ते विचारूच नका. आणि तो वाढत्या खर्चाला पुरतोच असंही नाही, अमेरिकेत केंद्राचा पेट्रोलवरचा कर गॅलनला १८.४ सेंट आहे तो १९९३ पासून तेवढाच, डांबर-खडी-मजुरी मात्र काय थांबलीय का तेव्हापासून. त्यात इलेक्ट्रिक गाडीवाला पेट्रोल भरतच नाही. म्हणून शहरं असलं शुल्क शोधतात, हौस म्हणून नाही. आणि शुल्क नको तर मग काय, हे पण ग्रुपवर विचारा एकदा. जर्मनीत कित्येक वर्षं पद्धत होती की रस्ता नव्याने केला की त्या रस्त्यालगतच्या घरमालकांना खर्चाचा वाटा एकरकमी बिल म्हणून जायचा, लोकांचे डोळे पांढरे व्हायचे, शेवटी इतका विरोध झाला की बव्हेरिया राज्याने २०१८ मध्ये ती वसुली बंदच केली. त्यापेक्षा सगळ्यांनी दरमहा थोडं थोडं बरं असं मला तरी वाटतं.

आता एक गोष्ट जी सुनावणीत कोणी बोलणार नाही पण शुल्क लागू झाल्यावर सहा महिन्यांत तुमच्या ग्रुपवर बॉम्ब फुटणार तो याच्यावरून. पैसे भरायला लागल्यावर लोक बघणार की महापालिकेची गाडी आली आणि चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावर काम करून गेली, आणि आपला खड्ड्यांचा रस्ता तसाच. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी, असं सगळे म्हणणार. पण इथे प्रशासन बरोबर असू शकतं, आणि ते का ते नीट समजून घ्या म्हणजे तुम्हाला समजावता येईल.

खाली वाकून कधी रस्ता बघितलाय का? आधी एक केसासारखी चीर दिसते, लांबच्या लांब, तिच्याकडे कोणी बघत नाही. पावसात तिच्यातून पाणी आत उतरतं आणि डांबराच्या खालचा खडी-मातीचा थर मऊ होतो. वरून चाक गेलं की डांबर खाली दबतं आणि परत वर येतं, दबतं, वर येतं, मग त्या एका चिरेला फांद्या फुटतात, चौकोनी-चौकोनी तुकड्यांचं जाळं होतं, मगरीच्या पाठीसारखं दिसतं अगदी. मग त्यातला एक तुकडा कुठल्या तरी चाकाबरोबर उडतो. झाला खड्डा. जोपर्यंत नुसती चीर आहे तोपर्यंत ती साफ करून गरम डांबर भरलं की भागतं, एक टीम दिवसभरात पूर्ण गल्ली उरकते. जाळं झाल्यावर वरून कितीही डांबर ओता, खालचा थर मेलेला असतो, तो उकरून पाया परत भरावा लागतो, खर्च कितीतरी पटीने. रस्त्यांचं काम करणारे एक ढोबळ हिशोब सांगतात की रस्त्याच्या आयुष्याच्या पहिल्या पाऊण भागात त्याची क्वालिटी साधारण ४० टक्के उतरते, आणि त्यानंतरच्या फक्त १२ टक्के काळात अजून ४० टक्के. म्हणजे रस्ता बरा दिसतोय दिसतोय म्हणता म्हणता एकदम बसतो. तेव्हा सगळा पैसा सगळ्यात वाईट रस्त्यांवर घातला तर तेवढ्यात चांगले रस्ते त्या उतारावर घसरतात, आणि मग कितीही शुल्क लावा पुरत नाही.

पण प्रशासन असं असं म्हणतंय म्हणून त्याचा फायदा घेऊन फक्त साहेबांच्या बंगल्यांसमोरचे रस्ते "देखभाल" करत बसेल ही भीती पण खरी आहे. त्यावर उपाय एकच, यादी. शहरातल्या प्रत्येक रस्त्याला शून्य ते शंभर असा मार्क देतात, तशी पद्धत ठरलेलीच आहे, चिरा, खड्डे, चाकोऱ्या किती ते मोजून. ती मार्कांची यादी शुल्क लागू व्हायच्या आधी जाहीर करा, वर्षाला परत मोजा, आणि पैशाचा अमुक हिस्सा वाईट रस्त्यांना बांधून ठेवा. ही तिसरी अट. यादी नसताना शुल्काला पाठिंबा देऊच नका, कारण मग वर्षानंतर रस्ते सुधारले का बिघडले हे कोणालाच सांगता येणार नाही, ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

आणि रोड कटिंग! नवा रस्ता केला की पंधरा दिवसांत पाइपवाला येतो, त्याच्यामागे केबलवाला. तो चर वरवर बुजवतात, पावसाळ्यात तो खचतो, आणि ज्या रस्त्याला अजून बरीच वर्षं आयुष्य होतं त्याला मधोमध चीर पाडून ठेवली जाते. सॅन फ्रान्सिस्कोत नवीन केलेला रस्ता पाच वर्षं खोदायचा नाही असा नियम आहे, इमर्जन्सी वगैरे सोडून. चौथी अट म्हणून हे मागा, आणि सोबत ठेकेदाराच्या दोष दायित्वाच्या मुदतीत (म्हणजे काम झाल्यावर त्यातल्या दोषांना तो जबाबदार असतो त्या काळात) रस्ता उखडला तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने, शुल्काच्या पैशाने नाही, हे पण. नाहीतर आपण एका बाजूने भरतोय आणि दुसऱ्या बाजूने खणतायत.

पाचवी, शुल्काला मुदत. पाच वर्षांनी आपोआप बंद, पुढे चालू ठेवायचं तर परत सुनावणी. त्याला अधिकारी नाक मुरडतील, मुरडू देत.

भाडेकरूंचं थोडक्यात: बिल ज्याच्या नावाने येतं तो भरणार, आणि मालक ते भाड्यात घालणार, हे कागदावर काहीही लिहिलं तरी होणारच, भाडेकरार रिन्यू करताना स्पष्ट लिहून घ्या एवढंच सांगा. त्यापेक्षा सगळ्यांच्याच कामाचा एक प्रश्न आहे तो विचारा: हे पाण्याच्या बिलात येणार, तर एखाद्याने पाण्याचे पैसे भरले आणि रस्त्याचे नाही भरले तर त्याचं पाणी तोडणार का? आणि अर्धवट पैसे भरले तर ते आधी कशात जमा धरणार? यावर मला बिलकुल तडजोड मान्य नाही, रस्त्याच्या वादात कोणाचं पिण्याचं पाणी अडकवायचं नाही, हे ठरावात शब्दात हवं.

सुनावणीत बोलायला वेळ कमी देतात, आणि तुमच्या आधीचा माणूस बारा मिनिटं रस्त्यांचा इतिहास सांगून सगळ्यांना झोपवणार. म्हणून बोलायचं लिहून न्या आणि वाचून दाखवा, लाजू नका. एवढंच: "आम्ही अमुक भागाचे रहिवासी. आमच्यात शुल्काच्या बाजूचे पण आहेत आणि विरोधातले पण, या अटींवर मात्र आमचं एकमत आहे." मग अटी. हे एकमत होईल का? होईल, कारण बघा ना, सासऱ्यांना सूट हवीय, नवऱ्याला रस्ता हवाय, दुकानदाराला फॉर्म्युला, आणि काकांना पुरावा की सेक्रेटरी खिशात नाहीये. ग्रुपवर "पाठिंबा की विरोध" असा पोल टाकू नका, तो पोल म्हणजे आगीत तेल. अटी टाका आणि विचारा की यातली कोणती कोणाला नकोय. नको म्हणायला कारण द्यावं लागतं, त्यामुळे निम्मे जण गप्प बसतील. काकांना पर्सनल मेसेज करून म्हणा की रोड कटिंगचा मुद्दा तुम्ही मांडा. ते मांडतील, आणि जोरात मांडतील.

एक शेवटचं. तोंडी बोललेलं इतिवृत्तात दोन ओळींत गुंडाळतात, "नागरिकांनी विविध सूचना केल्या" म्हणून. तेव्हा हरकती-सूचनांची मुदत संपायच्या आत हेच सगळं संघाच्या लेटरहेडवर सह्यांसकट आवक विभागात द्या आणि दुसऱ्या कॉपीवर पोच घ्या, शिक्का, तारीख आणि आवक नंबर तिन्ही असल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.